न झालेल्या गोलांचा हिशेब

२००३ च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने सुमारे साडेतीन कोटी युरो मोजून डेव्हिड बेकहॅमला आणलं आणि त्याच उन्हाळ्यात बचावात्मक मिडफिल्डर क्लॉद माकेलेलेला चेल्सीला विकून टाकलं. माकेलेले माद्रिदमध्ये तीन वर्षं होता. त्या तीन वर्षांत दोनदा ला लिगा, म्हणजे स्पेनची लीग, आली, एकदा चॅम्पियन्स लीग आली. पुढे झिदान, फिगो, राऊल, रोनाल्डो खेळायचे आणि त्यांच्यामागे, बचावफळीच्या जरा पुढे, हा उभा असायचा. संघातल्या मोठ्या नावांच्या मानाने त्याचा पगार फारच कमी होता, म्हणून त्याने वाढ मागितली. अध्यक्ष फ्लोरेन्तिनो पेरेझ यांनी ती नाकारली. तो गेल्यावर पेरेझ जे बोलले ते फुटबॉलवेडे लोक आजही तोंडपाठ सांगतात. त्याची उणीव आम्हाला भासणार नाही, त्याचं तंत्र बेताचं आहे, त्याचे नव्वद टक्के पास मागे नाहीतर आडवे जातात, तीन मीटरच्या पुढे तो चेंडू क्वचितच देतो, असा त्या बोलण्याचा मथितार्थ होता.

हे बोलणं अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगितलं जातं. मला ते तसं वाटत नाही. पेरेझ स्थापत्य अभियंता आहेत, बांधकाम क्षेत्रातल्या एका अवाढव्य कंपनीचे प्रमुख आहेत, आणि त्यांनी जे मांडलं ते खेळाडूचं आकडेवारीनिशी केलेलं मूल्यमापनच होतं. त्यात टक्केवारी होती, पासची दिशा होती, अंतर होतं. माकेलेलेचे पास खरोखरच जवळचे असायचे. चेंडू हिसकावायचा आणि चार पावलांवर उभ्या असलेल्या झिदानकडे सोपवायचा, हेच तर त्याचं काम होतं. निरीक्षण खोटं नव्हतं, तरी निष्कर्ष साफ चुकला. बचावात्मक मिडफिल्डरच्या आकडेवारीचा सगळा पेच या एका उदाहरणात आहे आणि गेली कित्येक वर्षं तो मला सोडत नाही.

पुढच्या हंगामात काय झालं ते सर्वांना माहीत आहे. माद्रिद बराच काळ आघाडीवर होतं, मग घसरलं, शेवटचे पाच लीग सामने सलग हरलं आणि चौथं आलं. आदल्या हंगामात लीगमध्ये ४२ गोल खाल्ले होते, या हंगामात ५४ खाल्ले. पुढची ला लिगा जिंकायला २००७ उजाडलं. इकडे चेल्सीने २००४-०५ मध्ये ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाऊन प्रीमियर लीग जिंकली. त्या हंगामातल्या घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात, चार्ल्टनविरुद्ध, अगदी अखेरच्या क्षणी पेनल्टी मिळाली. विजेतेपद आधीच नक्की झालेलं होतं. सहकाऱ्यांनी चेंडू माकेलेलेच्या हातात दिला. गोलकीपरने त्याचा फटका अडवला, परत आलेल्या चेंडूवर त्याने गोल केला आणि अख्खा संघ त्याच्या अंगावर कोसळला. जो माणूस गोल करतच नाही त्याच्या गोलावर एवढा जल्लोष का, हे त्या मैदानावरच्या कुणालाही समजावून सांगावं लागलं नसेल.

पण नुसतं ४२ चे ५४ झाले म्हणून ‘बघा, माकेलेलेची किंमत बारा गोल’ असं म्हणणं हीसुद्धा पेरेझ यांच्याच जातीची घाई होईल. त्याच उन्हाळ्यात कर्णधार हिएरो गेला, मोरिएन्तेसला मोनाकोला उसनं दिलं, प्रशिक्षक व्हिसेंते देल बोस्के यांना लीग जिंकल्या जिंकल्या निरोप मिळाला. चेल्सीत २००४ मध्ये गोलकीपर पेत्र चेक आला, बचावपटू कार्व्हाल्यो आला, प्रशिक्षक जोसे मोरिन्यो आला. अकरा माणसांच्या खेळात एकाचं श्रेय वेगळं काढणं अवघडच. बाकीच्या जागांवर निदान हाताशी धरायला काहीतरी असतं. स्ट्रायकरचे गोल असतात, विंगरचे असिस्ट असतात, गोलकीपरने अडवलेले फटके असतात. या सहा नंबरच्या माणसापाशी, म्हणजे बचावात्मक मिडफिल्डरपाशी, काय असतं?

आकडे कसे गोळा होतात ते बघितलं की अडचण लगेच दिसते. फुटबॉलमधल्या मोजदादीची गोष्ट साधारणपणे १८ मार्च १९५० पासून सांगतात. ब्रिटिश हवाई दलातले हिशेबनीस चार्ल्स रीप स्विंडन विरुद्ध ब्रिस्टल रोव्हर्स हा सामना बघत होते. पहिल्या हाफमधला खेळ बघून वैतागले आणि दुसऱ्या हाफला वही-पेन्सिल काढून प्रत्येक चढाईची नोंद करायला लागले. किती पास झाले, चढाई कुठून सुरू झाली, कुठे संपली. त्यांची नजर गोलाकडे जाणाऱ्या चेंडूवर होती. १९९६ मध्ये इंग्लंडमध्ये ऑप्टा ही आकडेवारी गोळा करणारी कंपनी सुरू झाली आणि हेच काम धंद्याच्या पातळीवर होऊ लागलं. आज एका सामन्यात दोन हजारांच्या आसपास घटना नोंदल्या जातात. पास, फटका, टॅकल (समोरच्याच्या पायातून चेंडू काढणं), इंटरसेप्शन (पास मध्येच तोडणं), क्लिअरन्स (धोक्यातून चेंडू लांब उडवणं), फाऊल. प्रत्येकीची जागा आणि वेळही असते. पण प्रत्येक घटनेची पूर्वअट एकच, चेंडू तिथे हवा. जिथे चेंडू नाही तिथे घटना नाही, आणि जिथे घटना नाही तिथे नोंद नाही. थोर डच खेळाडू योहान क्रॉयफ म्हणायचा की खेळाडूच्या पायात चेंडू सरासरी तीनच मिनिटं असतो, तो चांगला की वाईट हे उरलेल्या सत्त्याऐंशी मिनिटांत ठरतं. म्हणजे आपण तीन मिनिटांचा काटेकोर हिशेब ठेवून नव्वद मिनिटांच्या माणसाची किंमत करतो.

टीव्हीनेही आपल्याला तीच सवय लावली आहे. कॅमेरा चेंडूमागे धावतो. सहा नंबरचा माणूस बहुतेक वेळ चौकटीच्या कडेला अर्धा दिसतो, नाहीतर दिसतच नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावं आमच्या घरात नातेवाइकांइतक्या सहज घेतली जायची. माझे मामा तरुणपणी हाफ, म्हणजे मधल्या फळीत, खेळायचे. शाहू स्टेडियममध्ये चारच्या सामन्याला ते मला घेऊन जायचे, आणि कॉलेजात असताना मी आकडे लिहायला वही घेऊन जाऊ लागलो, तेव्हा ती वही बघून त्यांना फार आनंद झाला. पण माझे रकाने वाचल्यावर म्हणाले, “बॉलकडं बघून लिहितोयस व्हय? मग त्या सहा नंबरचं काय गावणार तुला? एक हाफ नुसतं त्याच्याकडं बघ. बॉल कुठं बी जाऊ दे. त्याची मान बघ.”

म्हणून त्या दिवशी दुसऱ्या हाफमध्ये मी चेंडू सोडून दिला आणि एका सडपातळ पोराकडे बघत राहिलो. हे वाटतं त्यापेक्षा अवघड असतं. सगळं स्टेडियम एका बाजूला उसळतं, शिट्ट्या वाजतात, आणि आपण उलट्या बाजूला बघत बसायचं. पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसलं नाही. मग मान दिसायला लागली. डावा खांदा, उजवा खांदा, पुन्हा डावा. चेंडू चाळीस मीटरवर असतानाही तो सारखा मागे बघत होता, की आपल्या पाठीमागे कोण सुटलंय. (पुढे कळलं की गेइर योर्देत नावाच्या नॉर्वेजियन संशोधकाने नेमकं हेच मोजलं आहे. चेंडू मिळण्याआधी खेळाडू किती वेळा मान वळवून बघतो ते त्याने चित्रफितींवरून मोजलं, आणि जास्त बघणाऱ्यांचे पुढच्या दिशेचे पास अधिक यशस्वी होतात असं त्याला आढळलं.)

मग एक क्षण आला तो अजून डोळ्यासमोर आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या हाफच्या पायात चेंडू होता, मधल्या वर्तुळाजवळ. त्यांचा दहा नंबर, म्हणजे चढाया रचणारा खेळाडू, आमच्या बचावफळीच्या पुढच्या मोकळ्या पट्ट्यात सरकला आणि त्याने हात केला. पास सरळ होता, जमिनीवरून, फार तर पंधरा मीटरचा. चेंडूवाल्याने मान वर केली. त्याच वेळी आमच्या सहा नंबरने उजवीकडे दोन पावलं टाकली. तो धावला नाही, चेंडूवाल्याच्या अंगावर गेला नाही, नुसता त्या दोघांच्या मधल्या रेषेत येऊन उभा राहिला. चेंडूवाल्याचा पाय उचललेला होता तो तसाच थांबला, त्याने वळून बॅककडे चेंडू दिला, बॅकने वैतागून लांब उडवला आणि आमच्या गोलीने तो आरामात झेलला. गॅलरीतले लोक त्या बॅकला शिव्या घालत होते. मामांनी माझ्या वहीकडे बोट केलं. त्या वीसेक सेकंदांत माझ्या वहीत पडलेल्या नोंदी होत्या: एक मागचा पास, एक चुकलेला लांब पास, गोलीने एक चेंडू घेतला. सहा नंबरच्या ओळीत काहीही नाही.

सामना संपल्यावर आम्ही रंकाळ्यावर बसून वही उघडली. सहा नंबरची ओळ हडकुळी होती. दोन-चार टॅकल, थोडे अडवलेले पास, बाकी आडवे पासच पास. पेरेझ यांनी बघितलं असतं तर त्यांनी त्यालाही पगारवाढ दिली नसती. पण मामांनी बोट ठेवलं ते प्रतिस्पर्ध्यांच्या दहा नंबरच्या ओळीवर. ती त्याहून हडकुळी होती. आदल्या सामन्यात धुमाकूळ घातलेल्या त्या पोराला गोलाकडे तोंड करून चेंडू जवळजवळ मिळालाच नव्हता. आमच्या पोराने दिवसभर केलेलं काम होतं, ते दुसऱ्याच माणसाच्या ओळीत लिहिलेलं होतं.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की बचावात्मक मिडफिल्डरची आकडेवारी त्याच्या नावापुढे शोधायचीच नसते. ती समोरच्या दहा नंबरच्या नावापुढे शोधायची, आपल्या सेंटर बॅकना कितीदा उघड्यावर धावावं लागलं त्यात शोधायची, शेजारचे दोन मिडफिल्डर किती निर्धास्तपणे पुढे गेले त्यात शोधायची. आमच्या भागात रात्रीचं उसाला पाणी सोडतात तेव्हा दारं धरणारा एक माणूस असतो. फावड्याने एक वाट बुजवायची, दुसरी मोकळी करायची, बस. सकाळी कुठली सरी भिजली ते बघूनच तो रात्रभर जागा होता की झोपला होता ते कळतं. त्याने फावडं किती वेळा मारलं ते कुणी मोजत नाही.

बरं, म्हणजे टॅकलचे आकडे निरुपयोगी का? तसंही नाही, आणि याचं सर्वात मोठं उदाहरण एनगोलो कान्ते. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरने त्याला फ्रान्समधल्या कां या छोट्या क्लबकडून सुमारे ५६ लाख पौंडांना आणलं. चेंडू परत मिळवण्याचे त्याचे आकडे डोळ्यांत भरण्यासारखे होते आणि लेस्टरच्या खेळाडू शोधणाऱ्या मंडळींनी, विशेषतः स्टीव्ह वॉल्श यांनी, त्याचा हट्ट धरला. २०१५-१६ मध्ये कान्तेने प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक १७५ टॅकल केले, दीडशेहून जास्त पास मध्येच तोडले, आणि लेस्टर ८१ गुणांनी विजेता झाला. इथे आकडा ओरडून सांगत होता आणि ज्यांनी ऐकलं त्यांचं भलं झालं. या हंगामाचे प्रशिक्षक क्लाउदिओ रानिएरी होते. २००३ मध्ये माकेलेले चेल्सीत आला तेव्हा तिथे प्रशिक्षक तेच होते. हा योगायोग मला फार आवडतो.

पण कान्तेचा आकडा नीट वाचायचा तर लेस्टरही वाचावं लागतं. तो संघ चेंडू निम्म्याहून कमी वेळ स्वतःकडे ठेवायचा. मुद्दाम मागे बसायचा, चेंडू हिसकावायचा आणि स्ट्रायकर वार्डीकडे लांब सोडायचा. टॅकल समोरच्याकडे चेंडू असतानाच करता येतो, त्यामुळे अशा संघात टॅकलची संधीच जास्त. म्हणून विश्लेषक टॅकलचा आकडा चेंडूच्या ताब्याशी ताडून बघतात, म्हणजे समोरच्याकडे चेंडू समसमान वेळ असता तर याचे टॅकल किती झाले असते असा हिशेब. साधी दुरुस्ती आहे, पण तिने कित्येक खेळाडूंचे क्रम उलटेपालटे होतात. पुढच्या वर्षी कान्ते चेल्सीत गेला. चेंडू जास्त वेळ स्वतःकडे ठेवणारा संघ, त्यामुळे त्याच्या टॅकलची संख्या खाली आली. आणि त्याच वर्षी इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं! त्याच्या स्वतःच्या ओळीतला आकडा घटला आणि दुसऱ्यांच्या ओळी बदलल्या. चेल्सी दहाव्या क्रमांकावरून ९३ गुणांनी पहिली आली, खाल्लेले गोल ५३ वरून ३३ वर आले. लेस्टर पहिल्यावरून बाराव्या क्रमांकावर गेलं, खाल्लेले गोल ३६ वरून ६३ वर गेले. यात नवे प्रशिक्षक कोन्ते यांनी चेल्सीत आणलेली तीन बॅकची रचना आहे, लेस्टरवर चॅम्पियन्स लीगचा पडलेला भार आहे, हे सगळं मान्य. तरीसुद्धा दोन संघांच्या ताळेबंदात एकाच वेळी, उलट दिशांनी एवढी हालचाल व्हावी आणि दोन्हींत एकच माणूस सामाईक असावा, हे मला पुरेसं बोलकं वाटतं.

कान्ते हा धावून चेंडू आणणारा. बार्सिलोना आणि स्पेनचा सर्जिओ बुस्केट्स त्याच्या अगदी उलट. न धावणारा, न आदळणारा, कपडे न मळणारा. मला विचाराल तर या जागेवर मी पाहिलेला सर्वांत थोर खेळाडू तोच, आणि यावर मी कोणाशीही रात्रभर वाद घालायला तयार आहे. २०१० च्या विश्वचषकात स्पेन पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून ०-१ असा हरला तेव्हा स्पेनमधल्या अनेकांनी बुस्केट्सकडे बोट दाखवलं. दोन-दोन बचावात्मक मिडफिल्डर कशाला, याला काढा, चढाई करणारा घ्या. प्रशिक्षक होते देल बोस्के, तेच, ज्यांनी माद्रिदमध्ये माकेलेलेला खेळवलं होतं आणि ज्यांना पेरेझ यांनी घरी पाठवलं होतं. ते ठाम राहिले. मी खेळाडू असतो तर मला बुस्केट्ससारखं व्हायला आवडलं असतं, असं ते म्हणाले. उरलेल्या सहाही लढती स्पेनने जिंकल्या. बाद फेरीतले चारही सामने १-०. अख्ख्या स्पर्धेत खाल्लेले गोल दोन.

बुस्केट्सच्या खेळात आडवा पास किती कामाचा असतो ते दिसतं. तो चेंडू घ्यायचा, समोरचा अंगावर येईपर्यंत थांबायचा, आणि तो आला की त्याच्याच मागे मोकळ्या झालेल्या माणसाकडे चार मीटरचा पास. चेंडू पुढे गेलेला नसतो, पण प्रतिस्पर्ध्यांचा एक माणूस खेळातून बाद झालेला असतो. आता अलीकडच्या मोजमापांत हा पास काय भाव खातो बघा. ‘एक्सपेक्टेड थ्रेट’ म्हणून एक लोकप्रिय पद्धत आहे. मैदानाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात चेंडू असताना थोड्याच वेळात गोल होण्याची शक्यता किती ते जुन्या सामन्यांवरून काढायचं, आणि पासने चेंडू कमी शक्यतेच्या चौकोनातून जास्त शक्यतेच्या चौकोनात नेला तर तेवढं श्रेय द्यायचं. विंगर आणि पुढे जाणाऱ्या बॅकसाठी ही पद्धत झकास आहे. पण शेजारच्या चौकोनातल्या आडव्या पासला तिच्यात जवळजवळ शून्य मिळतं, मागच्या पासला उणे. म्हणजे नव्वद टक्के पास मागे नाहीतर आडवे, ही पेरेझ यांची तक्रार आता गणितात जाऊन बसली आहे. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेली पद्धत थोडी पुढे जाते. तिच्यात प्रत्येक कृतीने गोल करण्याची शक्यता किती वाढली याबरोबर गोल खाण्याची किती कमी झाली हेही धरतात, त्यामुळे बचावाला किंमत येते. तरी तिथेही कृती हवीच. शाहू स्टेडियममधली ती दोन पावलं तिथेही दिसणार नाहीत.

ती दिसतील अशी सोय आहे, पण ती आपल्या हातात नाही. मोठ्या स्टेडियममध्ये छताजवळ बसवलेले कॅमेरे बावीसही खेळाडूंची जागा सेकंदाला पंचवीस वेळा टिपतात. त्यावरून मैदानाच्या कोणत्या भागावर कोणाचा कब्जा आहे ते काढता येतं. चेंडू आत्ता इथे टाकला तर आधी कोण पोचेल, हा प्रश्न मैदानाच्या प्रत्येक ठिपक्यासाठी सोडवायचा. विल्यम स्पिअरमन यांनी या दिशेने मोठं काम केलं आणि ते लिव्हरपूलमध्ये गेले. बार्सिलोनात हाव्हिएर फर्नांडेझ यांनी ल्यूक बॉर्न यांच्यासोबत २०१८ मध्ये मोकळी जागा कोण मिळवतो आणि कोण दुसऱ्यासाठी तयार करून देतो याची मोजणी मांडली. या वाटेने गेलं की ‘शक्य होता, पण आलाच नाही’ अशा पासचा रकाना भरता येतो. मी माझ्या वहीत तो रकाना आखून बघितला होता. भरायला गेलं की दर वेळी शंका यायची. चेंडूवाल्याने पास दिला नाही तो आमच्या पोरामुळे, की त्याला दहा नंबर दिसलाच नव्हता? डोळ्यांनी हे सुटत नाही. पंचवीस चित्रांच्या हिशेबाने बऱ्याच अंशी सुटतं. मात्र ही माहिती क्लबांच्या कुलपात असते. आपण संकेतस्थळांवर बघतो ते तक्ते अजून टॅकल आणि इंटरसेप्शनवरच चालतात, आणि त्यांच्या जोरावर दोन खेळाडूंची तुलना करून हिरीरीने निकाल दिले जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

फाऊलचंही असंच. फाऊल आणि पिवळं कार्ड आकडेवारीत वजा बाजूला पडतं. पण चेंडू गमावल्यावर समोरचा तिघांना घेऊन सुटलेला असताना मधल्या रेषेवरच त्याची जर्सी ओढणं हा पुष्कळदा हिशेबी निर्णय असतो. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये हे अहमद जाहूमध्ये बघायला मिळालं. हा मोरोक्कन खेळाडू आधी एफसी गोवाकडे आणि मग मुंबई सिटीकडे होता. लांबचे तिरके पास, भरपूर टॅकल, आणि भरपूर कार्डं. १७ मार्च २०१९ ला अंधेरीत गोवा आणि बेंगळुरूची अंतिम लढत जादा वेळेत गेली, जाहूला दुसरं पिवळं कार्ड मिळून तो बाहेर गेला, आणि ११७ व्या मिनिटाला मुंबईच्याच राहुल भेकेने कॉर्नरवर हेडर मारून बेंगळुरूला जिंकून दिलं. दहा जणांवर आलेला संघ थकतोच, हे खरं. पण म्हणून जाहू संघाला महाग पडला असं म्हणणाऱ्यांनी पुढचंही बघावं. सर्जिओ लोबेरा गोव्याहून मुंबईला आले तेव्हा त्यांनी त्यालाच सोबत आणलं, आणि २०२०-२१ मध्ये मुंबईने लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले.

या जागेवरच्या माणसाची किंमत सर्वसामान्य बघ्याला कळते ती तो नसताना. त्यात रोद्रीइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नसेल. फेब्रुवारी २०२३ पासून मे २०२४ पर्यंत मँचेस्टर सिटी तो खेळलेले सलग ७४ सामने हरली नाही, पेनल्टी शूटआऊट सोडलं तर. २०२३-२४ च्या लीगमध्ये सिटी तीनच सामने हरली, वुल्व्हज, आर्सेनल आणि अॅस्टन व्हिलाविरुद्ध, आणि त्या तिन्हींत रोद्री नव्हता. मग २२ सप्टेंबर २०२४ ला आर्सेनलविरुद्ध त्याचा गुडघा गेला. ऑक्टोबरच्या अखेरीपासून सिटी सलग पाच सामने हरली, आणि आदल्या वर्षी ९१ गुण घेणारा संघ ७१ गुणांवर तिसरा आला. ऑक्टोबरमध्ये पॅरिसला कुबड्यांवर येऊन त्याने वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी’ऑर घेतला. इतर दुखापती, वय झालेले सहकारी, हे सगळं त्या घसरणीत होतंच. पण सिटीचा प्रशिक्षक ग्वार्दिओला याने २०२१ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात स्वखुशीने रोद्री आणि फर्नांडिन्यो दोघांनाही बसवलं होतं, तेव्हा कुणाच्या दुखापतीचं कारण नव्हतं. सिटी ०-१ अशी हरली. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला समोरच्या बाजूचा कान्ते.

२०२३ च्या एका उन्हाळ्यात आर्सेनलने डेक्लन राइससाठी १०.५ कोटी पौंड आणि चेल्सीने मोइसेस कैसेदोसाठी ११.५ कोटी पौंडांपर्यंत तयारी दाखवली. माकेलेले गेला तेव्हा त्याची किंमत १.७ कोटी पौंडांच्याही आत होती. वीस वर्षांत फुटबॉलमधला पैसा अफाट वाढला हे धरूनही, या जागेची पत किती चढली ते यातून कळतं, आणि त्याचं बरंचसं श्रेय मी आकडेवारीवाल्यांनाच देईन. कारण मोजमापाचा प्रश्न शेवटी पगाराचा प्रश्न असतो. जे दिसत नाही त्याची वाढ मागायला गेलेल्या माणसाच्या हातात दाखवायला काहीतरी लागतं. माकेलेलेच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं. झिदानला ते कळत होतं, देल बोस्केंना कळत होतं, पण सही करणाऱ्या माणसासमोर ठेवायला एक कागद नव्हता.

आमच्या कोल्हापुरात सामना संपला की सामनावीर निवडतात, आणि त्याच्या जोडीला एक ‘लढवय्या खेळाडू’ म्हणून बक्षीस असतं. हे दुसरं बक्षीस मला फार मोलाचं वाटतं. गोल न केलेल्या माणसासाठी ठेवलेली ती जागा आहे. स्पर्धेच्या शेवटी उत्कृष्ट हाफही निवडतात. हे सगळं जुन्या खेळाडूंच्या नजरेवर चालतं आणि ती नजर पुष्कळदा अचूक असते. पण त्या पोराला उद्या गोव्यातल्या किंवा मुंबईतल्या क्लबात चाचणीला जायचं असेल तर परीक्षकांची नजर सोबत नेता येत नाही. सामने हल्ली यूट्यूबवर दिसतात, तिथेही कॅमेरा चेंडूमागेच असतो. खर्च फारसा नाही. एक साधा मोबाइल, एक उंच स्टँड, गॅलरीच्या सर्वात वरच्या पायरीवर मधोमध लावायचा, झूम करायचा नाही, हलवायचा नाही, नव्वद मिनिटं पूर्ण मैदान दिसलं पाहिजे. बावीस जणांच्या जागा टिपणारी मोफत सॉफ्टवेअर आता मिळतात, थोडी चुकतात, हाताने दुरुस्त करावी लागतात. दोन-तीन पोरांनी मनावर घेतलं तर एका स्पर्धेचं काम सुट्टीत होईल. वही घेऊन बसणाऱ्या कुणाला या हंगामात यात यायचं असेल तर मला कळवा, रकाने माझ्याकडे आखून तयार आहेत.